तळे फुटत नाही, बांध फुटतो

वसई तालुक्यातील निर्मळ हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. प्राचीन सोपाऱ्याच्या पश्चिमेला, समुद्रापासून थोड्याच अंतरावर हे गाव आहे. तेथील शंकराचार्यांचे मंदिर, कार्तिकात भरणारी जत्रा आणि गावाचे विस्तीर्ण तळे प्रसिद्ध आहे. या सबंध पट्ट्यात केळीच्या आणि फुलांच्या वाड्या आहेत आणि वाड्यांना पाणी देण्यासाठी पूर्वीच्या लोकांनी जागोजाग खणलेली लहान लहान तळी आहेत. त्यांना येथे बावखल म्हणतात.

निर्मळचा एक विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात अकरावीला होता. द्रवाच्या दाबाचा पाठ संपला, तसा तो उठून म्हणाला, "सर, आमच्या तळ्यात एवढे पाणी आहे. पावसाळ्यात ते काठोकाठ भरते. ते कधी फुटेल का?"

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून वीसहून अधिक माणसे गेली होती आणि ती बातमी या मुलांनी वाचलेली होती. तिवऱ्याचे धरण फुटते, मग निर्मळचे तळे का फुटणार नाही?

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही निर्मळहून निघून डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका खाजगी तळ्यापर्यंत जाऊन पोहोचलो. त्याचीच ही हकीकत आहे.

जमिनीखालचे पाणी आणि जमिनीवरचे पाणी

निर्मळच्या तळ्याच्या काठावर उभे राहून पाहा. पाण्याकडे जायचे तर पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणजे पाण्याची पातळी भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली आहे. बावखलाचेही तसेच. ही तळी खणून केलेली आहेत. त्यांच्या भिंती म्हणजे सगळी पृथ्वीच! पाणी फुटून जाणार तरी कोठे? अतिवृष्टीत ते काठावरून ओसंडेल, शेजारच्या वाडीत घोट्याएवढे पाणी होईल, पण तळे फुटणार नाही. या तळ्याला दुसरे धोके आहेत. गाळ, भराव, सांडपाणी. फुटण्याचा मात्र नाही.

आता रेल्वेमार्ग ओलांडून पूर्वेला चला. राष्ट्रीय महामार्गापलीकडे तुंगारेश्वरच्या डोंगररांगा सुरू होतात. येथे जमिनीला उतार आहे आणि पावसाळी ओढे आहेत. दोन टेकड्यांमधल्या ओढ्याला आडवा मातीचा बांध घातला की मागे पाणी तुंबते आणि तळे तयार होते. दिसायला दोन्ही तळीच. पण या दुसऱ्या तळ्याचे पाणी बांधाखालच्या जमिनीपेक्षा कितीतरी उंचावर टांगलेले असते. ते आणि खालची वस्ती यांच्यामध्ये केवळ एक मातीचा ढीग उभा असतो.

तेव्हा पहिला नियम असा, की तळे फुटत नाही, बांध फुटतो. म्हणून कोणत्याही तळ्याकडे पाहताना आधी विचारावे, "पाणी जमिनीच्या खाली आहे की वर?"

एक मौजेचे तळे

वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाचे काका डोंगराच्या पायथ्याशी एका शेतघरावर राखणदार होते. शहरातली मंडळी सुट्टीत तेथे राहायला येत. त्यांच्यासाठी मालकाने ओढ्यावरचा एक जुना मातीचा बांध उंच करून तळे केले होते. त्यात दोन होड्या होत्या, मासे सोडलेले होते आणि बांधाच्या माथ्यावर सावलीसाठी झाडे लावली होती. परवानगी काढून आम्ही एका रविवारी तेथे गेलो. बरोबर मोजपट्टी, घड्याळ, बादली आणि गवंडी वापरतात ती पाण्याची लांब पारदर्शक नळी एवढेच सामान होते. नळीच्या दोन्ही टोकांतले पाणी एकाच पातळीत राहते, त्यामुळे लांब अंतरावरील दोन जागांच्या उंचीतला फरक तिने सहज मोजता येतो.

मोजणीतून आलेले आकडे असे. बांधाची उंची ५ मीटर. सांडव्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी आले, की बांधापाशी त्याची खोली ४ मीटर. तळ्याचा विस्तार सुमारे १ हेक्टर, सरासरी खोली २ मीटर. म्हणजे २०,००० घनमीटर, अर्थात २०,००० टन पाणी. वरच्या टेकड्यांवरचे ज्या क्षेत्रातले पावसाचे पाणी या ओढ्याला मिळते, ते पाणलोट क्षेत्र नकाशावरून सुमारे १ चौरस किलोमीटर निघाले. आणि बांधाखाली ओढ्याच्या काठाने गेल्यावर वीस-पंचवीस घरांचा एक पाडा.

सांडवा म्हणजे जादा पाणी सुरक्षितपणे बाहेर जाण्यासाठी बांधाच्या एका टोकाला ठेवलेली वाट. येथे ती ८ मीटर रुंद होती. तिच्यावर ४० सेंटिमीटर उंचीच्या फळ्या ठोकलेल्या होत्या आणि फळ्यांच्या वर बारीक जाळी.

"हे कशाला, काका?" मुलांनी विचारले.

"पाणी फुकट जायला नको म्हणून फळ्या," राखणदार काका म्हणाले. "आणि मासे खाली वाहून जातात, म्हणून जाळी. साहेबांनीच लावायला सांगितली."

फळ्या आणि जाळी लक्षात ठेवा. पुढे त्यांची गाठ पडणार आहे.

तळे किती मोठे, हे बांधाला कळत नाही

मुलांची पहिली शंका अशी होती, की २०,००० टन पाणी एवढ्याशा बांधाला ढकलून देत कसे नाही?

येथे दाबाचा नियम आठवा. द्रवाचा दाब केवळ खोलीवर अवलंबून असतो. द्रव किती पसरलेला आहे यावर नाही. सायमन स्टेव्हिन या डच शास्त्रज्ञाने १५८६ साली ही गोष्ट मांडली. ४ मीटर खोलीवर दर चौरस मीटरवर ४ टन वजनाइतका दाब असतो. पृष्ठभागावर तो शून्य. सरासरी २ टन. ४ मीटर उंचीवर हा सरासरी दाब पडला, की बांधाच्या दर मीटर लांबीवर ८ टनांचा रेटा येतो. मागे तळे शंभर मीटर लांब असो की दहा किलोमीटर, शांत पाण्याचा रेटा तेवढाच! मात्र खोली दुप्पट केली तर रेटा चौपट होतो. कारण दाबही दुप्पट होतो आणि ज्यावर तो पडतो ती उंचीही दुप्पट होते.

आता बांधाचे वजन काढू. माथा २ मीटर रुंद, दोन्ही बाजूंना एकास दोन असा उतार, म्हणजे पायथा २२ मीटर रुंद. आडव्या छेदाचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. दाबून बसवलेल्या एक घनमीटर मातीचे वजन सुमारे १.८ टन धरले, तर दर मीटर लांबीचे वजन १०८ टन झाले. ८ टनांचा आडवा रेटा १०८ टनांच्या ढिगाला कसा हलवणार?

म्हणजे मातीचा बांध सहसा ढकलला जाऊन पडत नाही. मग तो फुटतो कसा? पाणी त्याच्या आतून तरी जाते किंवा वरून तरी जाते. मातीच्या धरणांच्या बहुतेक दुर्घटना या दोन वाक्यांत बसतात.

आतून जाणारे पाणी

प्रत्येक मातीच्या बांधातून थोडे पाणी झिरपतच असते. त्यात वावगे काही नाही. फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम करणाऱ्या हेन्री दार्सी या अभियंत्याने १८५६ साली या झिरपण्याचा नियम प्रसिद्ध केला. पाण्याच्या दोन पातळ्यांमधला फरक भागिले मातीतून जाण्याच्या वाटेची लांबी, या गुणोत्तराच्या प्रमाणात पाझर वाहतो. या गुणोत्तराला आपण जलीय उतार म्हणू.

आमच्या बांधात पातळीतला फरक ४ मीटर आणि मातीतली वाट सुमारे २० मीटर. जलीय उतार ०.२. हा सौम्य आहे. पण समजा, घुशींनी किंवा खेकड्यांनी आतपर्यंत बीळ केले, किंवा माथ्यावरचे एखादे मोठे झाड मेले आणि त्याची मुळे कुजून आत पोकळ नळ्या झाल्या. पाणी त्या पोकळीतून आरामात पुढे जाते आणि गाळून जाण्यासाठी खरी माती ४ मीटरच उरते. जलीय उतार एकदम १ होतो. आता वाळूच्या कणाचे पाण्यातले वजन लक्षात घेऊन हिशेब केला तर असे दिसते, की वर उसळणाऱ्या पाण्याचा जलीय उतार १ च्या आसपास गेला, की वाळूचे कण एकमेकांवर टेकून राहत नाहीत; ते पाण्यात तरंगू लागतात. कण वाहून गेले की वाट आणखी आखूड, वाट आखूड झाली की उतार अधिक तीव्र, आणि उतार तीव्र झाला की आणखी कण वाहतात. बांधाच्या खालच्या अंगाने सुरू झालेले हे भोक मागे मागे कोरत तळ्यापर्यंत जाते.

तिवऱ्याच्या दुर्घटनेनंतर खेकड्यांनी धरण पोखरले, असे विधान एका मंत्र्यांनी केले आणि ते फार गाजले. बिळांमुळे पाझराची वाट आखूड होते, हे तर आपण आताच पाहिले. पण खेकडे काही एका रात्रीत बांध पोखरीत नाहीत. गळती आधी दिसते. तिवऱ्याच्या गावकऱ्यांनी ती पाहिली होती आणि तक्रारही केली होती, असे तेव्हा वृत्तपत्रांतून आले होते. दोष खेकड्याला देऊन आपली सुटका होत नाही; बिळे शोधायची आणि बुजवायची, हे माणसाचे काम आहे.

बांधातून आडवी जाणारी मोरी किंवा नळ हीसुद्धा नाजूक जागा. कठीण नळाच्या कडेला माती नीट दाबून बसत नाही आणि पाणी तीच वाट धरते. १२ जुलै १९६१ ची पानशेतची आपत्ती महाराष्ट्र विसरलेला नाही. धरणाचे काम पुरे झालेले नसतानाच पावसाळ्यात पाणी साठले, पाणी बाहेर सोडण्याच्या मोरीवरचा भराव खचत गेला, आणि जवानांनी रात्रभर माथ्यावर वाळूची पोती रचूनही बांध वाचला नाही. ते पाणी खाली खडकवासल्यात आले, तेही धरण फुटले आणि पुण्याचा नदीकाठ पाण्याखाली गेला.

आमच्या शेतघराच्या बांधाच्या पायथ्याशी एक ओला पट्टा होता. भर उन्हाळ्यात तेथले गवत हिरवेगार होते. मुलांनी खालच्या चरात बादली धरली. साडेचार मिनिटांत भरली. काचेच्या बाटलीत ते पाणी घेऊन तासभर ठेवले. तळाशी माती बसली नाही. पाझर स्वच्छ होता. आम्हाला हायसे वाटले. पाझर स्वच्छ असेल तर बांध पाणी गाळतो आहे. पाझर गढूळ झाला तर बांध स्वतःच वाहून जातो आहे. हा फरक सांगायला कोणतेही यंत्र लागत नाही.

वरून जाणारे पाणी

लोणावळ्याचे भुशी धरण तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने आपल्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून एकोणिसाव्या शतकात ते बांधले. पावसाळ्यात त्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि लोक त्यात बसून मजा करतात. (त्या परिसरातील ओढे मात्र निरुपद्रवी नाहीत, ३० जून २०२४ रोजी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले.) मग मातीच्या बांधावरून पाणी गेले तर काय बिघडले?

बिघडते ते असे. भुशी धरण दगडी आहे आणि प्रत्येक पायरीवर आपटून पाण्याची ऊर्जा खर्ची पडते. मातीच्या बांधाच्या उतारावरून ५ मीटर खाली येणाऱ्या पाण्याचा वेग, घर्षण सोडून दिले तर, २ × ९.८ × ५ याचे वर्गमूळ, म्हणजे सेकंदाला सुमारे १० मीटर होतो. घर्षणाने तो निम्मा झाला तरी ५ मीटर. उघडी माती सेकंदाला एक मीटर वेगाच्या पाण्यापुढेही टिकत नाही. पाणी माथ्याच्या सर्वांत खोलगट जागेवरून ओसंडते, तेथे घळ पडते, घळीत आणखी पाणी शिरते, घळ रुंदावते. पुन्हा तेच दुष्टचक्र.

म्हणून मातीच्या बांधाचा खरा रक्षक त्याचा सांडवा आहे. आमच्या सांडव्याची ताकद मुलांनी काढली. रुंद उंबऱ्यावरून दर सेकंदाला जाणारे पाणी घनमीटरमध्ये काढायचे तर १.७ × रुंदी × (खोलीचा दीडावा घात) हे सूत्र उपयोगी पडते. उंबऱ्यापासून माथ्याच्या सर्वांत खालच्या जागेपर्यंतची उंची १ मीटर. म्हणजे पाणी माथ्याला लागेपर्यंत सांडव्यातून सेकंदाला १.७ × ८ × १, म्हणजे १३.६ घनमीटर पाणी जाऊ शकते.

आता पाऊस पाहा. तासाला ५० मिलिमीटर असा पाऊस १ चौरस किलोमीटरवर पडला आणि जमीन आधीच चिंब असल्यामुळे सगळा वाहून आला, तर सेकंदाला जवळजवळ १४ घनमीटर पाणी येते. सांडवा जेमतेम पुरतो. असा पाऊस कधी पडेल का, असे विचारू नका. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याची चोवीस तासांची सरासरीच तासाला ३९ मिलिमीटर येते.

आणि फळ्या? ४० सेंटिमीटरच्या फळ्यांनी खोली १ मीटरवरून ०.६ मीटर केली. मुलांना वाटले, सांडव्याची ताकद ४० टक्क्यांनी घटली. पण ०.६ चा दीडावा घात ०.४६ आहे. म्हणजे ताकद निम्म्याहूनही कमी, सेकंदाला ६.३ घनमीटर! पालापाचोळ्याने जाळी अर्धी तुंबली तर सुमारे ३. चाळीस सेंटिमीटर जास्त पाणी आणि चार मासे यांसाठी बांधाने आपल्या रक्षकाचे हातपाय बांधून ठेवले होते.

साउथ फोर्कचे सरोवर

हुबेहूब अशीच गोष्ट एकदा घडलेली आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क येथे कालव्याला पाणी पुरवण्यासाठी मातीचे एक धरण बांधलेले होते. रेल्वे आली, कालवा बंद पडला, धरण ओस पडले. एका मधल्या मालकाने तळाशी असलेले पाणी सोडण्याचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी आणि शिकार क्लबने ते विकत घेतले. पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिक हे या क्लबचे सभासद होते. क्लबने बांधाची डागडुजी केली, पण नळ पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून बग्ग्या जाव्यात म्हणून तो रुंद करण्यासाठी उंची थोडी कमी केली. महागडे मासे पळून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या.

खाली २३ किलोमीटरवर जॉन्सटाउन हे पोलादाचे गाव होते. तेथील कारखान्याच्या एका अभियंत्याने १८८० साली धरण पाहिले आणि तळाचे पाणी सोडण्याची सोय नाही, ही गंभीर उणीव आहे, असे लेखी कळवले. क्लबने ते मनावर घेतले नाही. दर वर्षी पावसाळी दिवसांत "धरण फुटणार" अशी आवई उठे आणि काही होत नसे. लांडगा आला रे आला, या गोष्टीसारखे लोकही निर्धास्त झाले.

३१ मे १८८९. रात्रभर प्रचंड पाऊस झाला होता. सकाळी क्लबच्या माणसांनी जाळ्या मोकळ्या करण्याची आणि दुसरा सांडवा खणण्याची धडपड केली. वेळ निघून गेली होती. दुपारी पाणी माथ्याच्या खचलेल्या मधल्या भागावरून ओसंडले आणि सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी दरीत कोसळले. तासाभरात ते जॉन्सटाउनला पोहोचले. २,२०९ माणसे मेली. क्लबला न्यायालयात कोणीही जबाबदार ठरवू शकले नाही.

"पण ते तर मोठे धरण होते," असे राखणदार काका म्हणाले. खरे आहे. मग लहान धरणाचे उदाहरण घ्या. अमेरिकेतच जॉर्जिया राज्यात टकोआ येथे सुमारे १२ मीटर उंचीचा एक मातीचा बांध होता. त्यावरची वीजनिर्मिती १९५७ मध्ये थांबली आणि ते केवळ करमणुकीचे तळे उरले. उतारांवर झाडे वाढली. १९७३ च्या एका छायाचित्रात खालचा उतार घसरलेला दिसतो. ६ नोव्हेंबर १९७७ च्या मध्यरात्रीनंतर, जोराच्या पावसात, बांध फुटला. खाली एका महाविद्यालयाची वसाहत झोपेत होती. ३९ जण दगावले.

जबाबदारी कोणाची?

आपल्या देशात धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला. त्याखाली १५ मीटरपेक्षा उंच धरणे येतात. १० ते १५ मीटर उंचीची धरणे लांबी, साठा किंवा पूर यांच्या काही ठरावीक अटींत बसली तरच येतात. ५ मीटरचा खाजगी बांध यात बसत नाही. म्हणून तो सुरक्षित ठरत नाही. त्याच्याकडे पाहणारे कोणी नेमलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

कायद्याच्या इतिहासात मात्र खाजगी तळ्याला मोठे स्थान आहे. इंग्लंडमधील रायलंड्स या गिरणीमालकाच्या तळ्याचे पाणी १८६० मध्ये फ्लेचर यांच्या कोळशाच्या खाणीत शिरले. त्या खटल्यात १८६८ साली निर्णय झाला, की निसटल्यास अपाय करील अशी वस्तू जो आपल्या जमिनीवर आणून साठवतो, तो तिने केलेल्या नुकसानीला जबाबदार असतो. त्याचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याची गरज नाही. पुढे दक्षिण हिंदुस्थानातील एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तेव्हा मात्र १८७४ मधल्या निर्णयात प्रिव्ही कौन्सिलने त्याला जबाबदार धरले नाही. त्या भागात तलाव राखणे हे लोकांच्या जगण्यासाठी आवश्यक असे परंपरागत कर्तव्यच होते, हे त्यामागचे कारण. शेतीसाठी राखलेला तलाव आणि होडीसाठी तुंबवलेले पाणी यांत हा फरक आहे. मौजेसाठी पाणी उंचावर टांगून ठेवणाऱ्याने दुप्पट काळजी घ्यायला हवी.

काय पाहावे, काय करावे

तुमच्या गावाजवळ असा बांध असेल तर मोठ्या माणसांना बरोबर घेऊन, आणि पाऊस चालू नसताना, पुढील गोष्टी पाहा.

१. सांडवा मोकळा आहे का? त्यावर फळ्या, जाळी, वाळूची पोती किंवा झुडपे नाहीत ना?

२. माथा सपाट आहे का? पाण्याच्या नळीने सर्वांत खोलगट जागा शोधा. खरी उंची तीच. आमच्या बांधाचा माथा मध्यभागी वीतभर खचलेला निघाला.

३. खालच्या उतारावर ओल, हिरवा पट्टा, बिळे, भेगा, घसरलेली माती आहे का? मोठी झाडे आहेत का? झाडे एकदम उपटू नयेत. मुळांची भोके मागे राहतात. जाणकाराच्या सल्ल्याने काढून खड्डे माती दाबून भरावेत.

४. पाझर किती? ठरावीक बादली किती वेळात भरते, हे तारखेनिशी आणि तळ्याच्या पातळीनिशी वहीत लिहा. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. आकड्यांची रांग बोलते.

५. तळाचे पाणी सोडण्याचा विमोचक आहे का, आणि त्याची झडप फिरते का?

पाझर गढूळ झाला, अचानक वाढला, किंवा पाणी माथ्याजवळ आले, तर बांधावर थांबू नका. आधी खालच्या वस्तीला सावध करा, मग पोलीस पाटील, तलाठी आणि तहसील कार्यालयाला कळवा. घाईने बांध खणून वाट करून देण्याच्या भानगडीत पडू नये. ती वाट कोणाच्याच ताब्यात राहत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखा प्रयोगही आहे. एका उतरत्या ट्रेमध्ये मातीचे दोन सारखे बांध ओळीने घाला. एकाच्या कडेला प्लास्टिकच्या पन्हळीचा सांडवा ठेवा, दुसऱ्याला ठेवू नका. दोघांमागे सारख्या वेगाने पाणी सोडा. पाणी दुसऱ्याच्या माथ्यावर पोहोचल्यापासून बांध जाईपर्यंतची सेकंदे मोजा. एकदा पाहिलेत की विसरणार नाही.

पुढे काय झाले

राखणदार काकांनी त्याच दिवशी जाळी काढली. "माशांचं साहेबांना मी सांगेन," ते म्हणाले. फळ्यांना मात्र त्यांनी हात लावला नाही.

मुलांनी आपले सगळे आकडे दोन पानांवर मांडून मालकांना पत्र लिहिले. त्यांचा फोन आला. "इतकी वर्षे काही झाले नाही," हे त्यांचे पहिले वाक्य. क्लबचे सरोवरही काही वर्षे सुखाने भरत होते, एवढेच मी सांगितले. मग मी त्यांना तो ०.६ चा दीडावा घात समजावून दिला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "म्हणजे मला वाटले त्यापेक्षा फळी मोठी आहे."

पावसाळ्यापूर्वी फळ्या निघाल्या आणि माथ्याची खोलगट जागा भरून घेतली गेली. पायथ्याचा ओला पट्टा अजून आहे. तो का आहे, हे मातीचा जाणकार अभियंताच सांगू शकेल, आणि त्याला बोलावण्याचे मालकांनी कबूल केले आहे. तोवर दर रविवारी पाड्यावरची दोन मुले बादली आणि घड्याळ घेऊन चरापाशी जातात. बादली साडेचार मिनिटांत भरली, की वहीत तसे लिहितात आणि घरी जाऊन सांगतात. पाड्याला त्यांच्या वहीचा अर्थ कळू लागला आहे.

निर्मळच्या त्या विद्यार्थ्याला आता उत्तर मिळाले होते. त्याचे तळे फुटणार नव्हते. पण ज्यांचे फुटू शकत होते, त्यांच्यापर्यंत त्याचा प्रश्न पोहोचला, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.